दर जुलैत क्राफ्टच्या कपाटाला कुबट वास येतो? आधी कपाट नाही, भिंत तपासा

तक्रार अशी. जुनं सागवानी कपाट क्राफ्टचं सामान ठेवायला घेतलं. जूनपर्यंत सगळं ठीक. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दार उघडलं की कुबट वास. ऑगस्टात फळ्यांच्या मागच्या कडेला पांढरट-हिरवी बुरशी. गणपती आठ दिवसांवर आले की मखरासाठी वर्षभर जपलेले कागद बाहेर काढावेत, तर त्यांवर तपकिरी ठिपके. आणि नेमका त्याच दिवसांत आईचा खोकला. कपाट पुसलं, वाळवलं, डांबरगोळ्या ठेवल्या, रंगसुद्धा दिला. पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

आमच्याकडे हे चार पावसाळे चाललं. आता थांबलंय (एका ड्रॉवरचा अपवाद, त्याबद्दल शेवटी). कोणाकडे हाच त्रास असेल तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

घराची माहिती आधी देतो, कारण सगळं कारण तिथेच होतं. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, तिसरा मजला. मागची बेडरूम पश्चिमेला. कपाट शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यातलं, वाडा पाडायला दिला तेव्हा आणलेलं. साडेसहा फूट उंच, दुपाखी, आतून निळा ऑइलपेंट. वाड्यात त्यात आजीची नऊवारी पातळं असायची. आम्ही हँगरचा दांडा काढून चार जादा फळ्या टाकल्या. बायकोची लोकर आणि क्रोशाच्या सुया, मुलीचे क्राफ्ट पेपर, आकाशकंदिलाचे पतंगी कागद, आईचे गोधडीचे तुकडे, मण्यांच्या बरण्या, लेस, टिकल्या, सगळं त्यात. सामान मावेना म्हणून हॉलमधलं २००४ सालचं टीव्ही युनिटही कामाला लावलं. जाडजूड खोक्याच्या टीव्हीसाठी बनवलेलं, दोन फूट खोल, सनमाइका लावलेलं, दिसायला अगदीच सामान्य. टीव्ही भिंतीवर गेल्यापासून त्यात जुनी पंचांगं आणि चार्जर पडून होते.

पहिली तीन वर्षं आम्ही कपाटावर उपचार करत राहिलो. पहिल्या वर्षी डेटॉलच्या पाण्याने पुसलं आणि दिवसभर पंख्याखाली दारं उघडी ठेवली. पंधरा दिवस बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी डांबरगोळ्या. कुबट वासाच्या जागी डांबराचा वास आला, बुरशी तशीच राहिली. साहजिक आहे, डांबरगोळ्या कसरीला आणि कपडे खाणाऱ्या अळीला पळवतात, ओल शोषत नाहीत. वर त्या वासाने आईला धाप लागायला लागली. तिला दमा आहे. तिसऱ्या वर्षी मी आतून नवा ऑइलपेंट दिला, तोही बुरशीचे डाग नीट न काढता. सप्टेंबरपर्यंत रंगाला फोड आले आणि फोडांखालून तेच हिरवं डोकं वर. बुरशीवर रंग देणं म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणं.

चौथ्या वर्षी बायकोने एक साधी गोष्ट विचारली, जी मला तीन वर्षांत सुचली नव्हती. "टीव्ही युनिटमध्ये पण तेच कागद आहेत. त्यांना का नाही लागत?"

खरंच नव्हती लागत. त्याच दुकानातून आणलेले कागद, त्याच पिशवीतली लोकर, घर एकच, हवा एकच. भारी सागवानातलं सामान सडत होतं आणि भुशाच्या बोर्डाचं युनिट ठणठणीत. दोन्हींत फरक काय, हे कागदावर लिहून काढलं तर तीनच गोष्टी निघाल्या. युनिट आतल्या भिंतीला होतं, कपाट बाहेरच्या पश्चिम भिंतीला. युनिटला मागे वायरींसाठी हाताएवढी दोन भोकं होती, कपाट मागून बंद. आणि युनिट चार पायांवर उभं होतं, कपाट सरळ फरशीवर बसलेलं.

ज्यांच्याकडे अशी दोन कपाटं आहेत त्यांनी हाच उद्योग आधी करावा. सामानातला फरक बघू नका, जागेतला बघा.

ओल भिंतीतून येते की हवेतून?

पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे झोडपणारा पाऊस इमारतीच्या त्याच बाजूवर आपटतो. बाहेरच्या प्लास्टरला केसासारखी चीर असली, खिडकीच्या खालची कड उखडलेली असली, तरी पाणी आत झिरपतं. उघडी भिंत असेल तर पोपडे दिसतात आणि आपण सोसायटीच्या मागे लागतो. कपाट चिकटवलेलं असेल तर काहीच दिसत नाही. भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यामध्ये अर्धा इंच कोंडलेली हवा, तिला ना ऊन ना वारा. बुरशीला आणखी काय हवं? लाकूड, कागद, खळ हे तिचं अन्नच.

पण भिंत कोरडी असूनही वास येऊ शकतो. जुलै-ऑगस्टात हवाच दमट असते. थंड भिंतीला टेकलेल्या बंद कपाटात ती गेली की तिथे आणखी दमट होते. दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, त्यामुळे आधी ओळखा. पद्धत फुकटातली आहे.

कपाट हातभर पुढे ओढा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन कापा आणि कपाटामागच्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवा, आत हवा जायला फट नको. पाऊस चालू असताना दोन दिवस ठेवा. मग बघा. फॉइलच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतून. दोन्ही कोरडं निघालं तर कपाटात ओलं सामान गेलंय का ते आठवा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आमच्या फॉइलखाली चक्क थेंब होते.

दुसरं साधन म्हणजे आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र. स्वस्त यंत्रं पाच-सात आकडे इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आणल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात रात्रभर बंद करा. मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७९ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यातून चार वजा. आमचं तीनने जास्त दाखवत होतं. ते वजा करून जुलैतल्या एका संध्याकाळी खोलीत ७६, युनिटमध्ये ७५ आणि कपाटाच्या खालच्या फळीवर ८८ आलं. साधारण ६० च्या खाली हवा ठेवली तर बुरशीला वाढणं अवघड जातं. ८८ म्हणजे तिला पाटावर बसवून वाढल्यासारखं.

कपाट हलवलं, तरी वास आला

भिंत दोषी ठरल्यावर मी विजयी मुद्रेने कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं. पंधरा दिवसांत पुन्हा वास. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे, हे घरात चौदा वर्षं राहून माझ्या लक्षात आलं नाही! सकाळी चार जणांच्या गरम पाण्याच्या अंघोळी, टाइल्सच्या सांध्यातलं उडालेलं सिमेंट, आणि पलीकडे आमचं कपाट. फॉइल चाचणी नवीन भिंतीवरही करायची असते, ती मी केली नव्हती.

तिसऱ्यांदा ते दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीला गेलं आणि तिथेच आहे. बेडरूमची मांडणी बिघडली, दार पूर्ण उघडत नाही, बायकोने ते मान्य केलं, मी अजून पूर्ण केलेलं नाही.

तुमच्याकडे दुसरी भिंतच नसेल तर निदान तीन-चार इंच जागा सोडा. बाहेरून चिरा भरून घेणं हा खरा इलाज, पण तो कोरड्या महिन्यांतच करावा, फेब्रुवारी ते मे. आतून ओल्या भिंतीवर 'डॅम्पप्रूफ' रंग मारायला कोणी तयार झाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. भिंतीतलं पाणी कुठेतरी जाणारच, ते रंगाला फुगवून बाहेर येतं. आमच्या खालच्या मजल्यावर ऐन ऑगस्टात हा प्रयोग झाला. दिवाळीत भिंत पुरीसारखी फुगली होती.

पापडाचा डबा

जागा बदलल्यावर कपाटातला आकडा ८८ वरून ७७ वर आला. म्हणजे खोलीएवढा झाला. खोलीच ७६ असेल तर कपाट ५५ कुठून होणार? मग मी बाजारात मिळतात ते ओल शोषणारे डबे आणले, कॅल्शियम क्लोराइडचे, ज्यांत खाली पाणी साठतं. आठवड्यात डबा भरला. दुसरा ठेवला, तोही भरला. मी खूश, किती पाणी काढलं म्हणून. आकडा मात्र ७४ च्या खाली येईना.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, पापडाचा डबा पावसाळ्यात झाकण अर्धवट लावून ठेवतोस का? आणि ठेवलास, तर शेजारी मिठाची वाटी ठेवून पापड कुरकुरीत राहतात का?"

तिचं म्हणणं असं की वाळवणाचे दोनच नियम. एप्रिल-मेच्या उन्हात कडकडीत वाळवायचं आणि ऊन उतरायच्या आत, पण गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं. पावसाळ्यात लागेल तेवढंच काढायचं आणि लगेच झाकण लावायचं. सादळलेला पापड डब्यात भरला तर सगळा डबा सादळतो.

आमचं कपाट हे अर्धवट झाकणाचा डबा होतं. दारांच्या फटींतून दमट हवा आत येण्याइतकं उघडं आणि वारा खेळून ओल बाहेर पडू नये इतकं बंद. त्यात ओलशोषक ठेवणं म्हणजे सगळं पुणं वाळवायला घेणं. तेव्हापासून आम्ही कामाची वाटणी केली: कपाटाला वारा द्यायचा आणि सामान डब्यात हवाबंद करायचं.

कपाटाला काय केलं

लाकूड सागाचं असलं तरी पाठ नंतर कोणीतरी ठोकलेल्या हार्डबोर्डची होती, खालून मऊ पडलेली. ती काढून टाकली. नवी पाठ सहा मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायची. तिला प्रत्येक खणामागे दोन भोकं, एक खाली आणि एक वर, दीड इंचाची. भोकं पाडायचं होल सॉ आणि मच्छरांची बारीक जाळी बोहरी आळीत मिळाली. (तिथे हार्डवेअर आणायला गेलं की क्राफ्टचं चार पिशव्या सामान घेऊन परत येतो, कारण रविवार पेठेत मणी-लेसची दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. कपाट न भरण्याचा उपाय मी सांगू शकत नाही.) जाळी आतून स्टेपलरने मारली. जाळी नसेल तर झुरळं आणि पाली त्याच भोकांना राजमार्ग समजतात.

खाली भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेले तीन इंची लाकडी ठोकळे, तळाला रबर चिकटवलेले. फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही आणि केरसुणी आत जाते. कपाटाखाली न जाणारी केरसुणी हेही धुळीचं एक कारण आहे, आणि दमेकऱ्याच्या घरात ते लहान कारण नाही.

मागे जागा सोडली की नवा धोका येतो, आणि हा मुद्दा फार कमी जण लक्षात घेतात. भिंतीला न टेकलेलं, ठोकळ्यांवर उभं, वर काचेच्या बरण्या भरलेलं उंच कपाट. एखाद्या पोराने खालचा खण उघडून त्यावर पाय दिला की ते पुढे येतं. आम्ही वरच्या दोन्ही कोपऱ्यांत भिंत आणि कपाट यांच्यामध्ये तीन इंची लाकडी ठोकळा घालून जाड एल पट्टीने भिंतीत फिशर ठोकून बांधलं. जड सामान, म्हणजे बरण्या, कापडाचे गठ्ठे, शिवणयंत्राचं डोकं, खालच्या दोन फळ्यांवर. लोकर आणि कागद वर. ओलीच्या दृष्टीनेही हेच बरं, कारण सगळ्यात दमट हवा आमच्याकडे तळाशीच निघाली होती.

निळा रंग खरवडण्याआधी थांबा

सुतारकाका घासायचं मशीन घेऊनच आले होते. मी त्यांना थांबवलं, आणि ते माझ्यावर अजून नाराज आहेत. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः गडद आणि चमकदार ऑइलपेंटमध्ये शिसं त्याहून कितीतरी जास्त असू शकतं. वाड्यातल्या कपाटाचा निळा तर माझ्या जन्माआधीचा. असा रंग कोरडा घासला की त्याची पिठासारखी धूळ घरभर बसते. रांगणाऱ्या, हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. शिशाचा मेंदूवर परिणाम होतो आणि लहान मुलांसाठी त्याचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही.

म्हणून एक तर तो रंग घट्ट असेल तर छेडायचाच नाही, वरून नवा हात द्यायचा. पोपडे निघत असतील तर पाणी शिंपडून ओल्या पॉलिश पेपरने, हाताने. आम्ही हे गॅलरीत केलं, खाली प्लास्टिक अंथरून, एन-९५ मास्क लावून, मुलीला दोन दिवस आत्याकडे पाठवून. नंतर झाडू मारला नाही, ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकी टाकून दिली. कामाचे कपडे वेगळे धुतले. जुना बाजारातून रविवारी-बुधवारी कपाटं, खण, पेट्या उचलून आणणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाळावं. तिथल्या पेटीचं वय कोणी सांगू शकत नाही.

बुरशी काढतानाही कोरडा ब्रश नको, बीजाणू हवेत उडतात. आम्ही कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी आणि फडकं वापरलं, मग स्वच्छ पाण्याचं फडकं, मग ऊन. ब्लीच वरवरचा रंग घालवतो, सच्छिद्र लाकडाच्या आत फारसं पोचत नाही. वापरायचंच असेल तर त्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि नुसतं व्हिनेगर वापरणाऱ्यांनो, ते शहाबादी फरशीवर किंवा कडाप्प्यावर सांडलं तर तिथली चकाकी जाते. आमच्या ओट्यावर त्याची खूण आहे. दमेकऱ्याला या सगळ्यातून बाहेर ठेवा. आईला आम्ही त्या दिवशी सारसबागेत पाठवलं होतं.

सामानाचं

भराभरी मे महिन्यातच. गच्चीवर चादर पसरून लोकर, कापडाचे तुकडे, लेस, ज्यूटची दोरी दोन दिवस कडक उन्हात. रंगीत कागद उन्हात उडतो, तो सावलीत पंख्याखाली. संध्याकाळी सगळं गार झाल्यावर डब्यात. गरम भरलं तर आतच घाम येतो.

डबे रबराची कड असलेले, घट्ट बसणारे. लोणच्याच्या मोठ्या बरण्या, बिस्किटांचे टिनचे डबे, धान्याच्या जुन्या कोठ्या, जे घरात आहे ते. प्रत्येकात सिलिका जेलची पुडी. निळे दाणे ओल शोषली की गुलाबी होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, म्हणून मुलांच्या घरात नारिंगी दाण्यांचं किंवा बिनरंगी घ्या. ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवलं की ते पुन्हा कामाला येतं, पण पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा.

पुठ्ठ्याची खोकी या वर्षी हद्दपार केली. पुठ्ठा ओल शोषून धरतो, झुरळांना घर देतो आणि त्याच्या डिंकावर कसर जगते. त्याच न्यायाने खळीने चिकटवलेल्या वस्तू, म्हणजे कागदाच्या लगद्याचे मुखवटे, गेल्या वर्षीचा घरचा कंदील, हे बाकी कागदांपासून वेगळे ठेवा. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हापासून आमच्यासारखे बरेच जण पुठ्ठा-कागदाकडे वळले. चांगलंच झालं, पण थर्माकोलला बुरशी लागत नव्हती, कागदाला लागते, हे लक्षात ठेवून साठवण बदलायला हवी होती.

लोकरीत भोकं पडत असतील तर ती बुरशी नव्हे, अळी. लोकरीचा गुंडा बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फ्रीजरमध्ये मटारांशेजारी गुलाबी लोकर बघून आमच्याकडे पाहुण्यांनी बरेच प्रश्न विचारले.

डांबरगोळ्या पूर्ण बंद. दम्याचं कारण तर आहेच. शिवाय जी६पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन लागलेल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. आईच्या गोधड्या नातवंडांसाठीच शिवलेल्या असतात, तेव्हा त्यांच्यात गोळ्या ठेवण्यात काही अर्थ नाही. कापूरही मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. तो गिळला तर झटके येतात.

आणखी एक वस्तू आम्ही वरच्या फळीवर कुलपात हलवली: सजावटीचे छोटे दिवे आणि त्यांच्या बटणाएवढ्या सपाट बॅटऱ्या. गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. असं झालं असेल अशी शंका जरी आली तरी वाट बघू नका, उलटी करवू नका, थेट रुग्णालय.

दुसरं फर्निचर असेल तर

लोखंडी कपाटाला बुरशी लागत नाही, पण त्याच्या पत्र्याला आतून घाम येतो आणि गंजाचे डाग कापडावर उतरतात. फळ्यांवर जुनी सुती चादर घाला, पेपर नको. दिवाणाच्या पेटीत हवा जवळजवळ नसतेच. तिथे फक्त हवाबंद डबे, आणि फळीला चार भोकं. भुशाच्या बोर्डाचं युनिट एकदा पाणी पिऊन फुगलं की परत बसत नाही, त्याची कड उघडी असेल तर एज बँडिंगची पट्टी लावा. आणि जुन्या लाकडाखाली पिठासारखा भुगा पडत असेल तर ओल, बुरशी वगैरे नंतर. आधी किडीचा माणूस बोलवा आणि ते कपाट बाकीच्यांपासून दूर ठेवा.

काही जुन्या घरांत कपाटात झिरो बल्ब लावून ठेवतात. ऊब येते हे खरं. पण लोकर, कागद, लेस आणि तापलेला बल्ब एका बंद खणात, हे मी करणार नाही. घरात एसी असेल तर ऑगस्टात दुपारी तासभर ड्राय मोडवर चालवा, कपाटाची दारं उघडी ठेवून. पाऊस पडत असताना मात्र 'हवा खेळावी' म्हणून कपाट उघडून बसू नका. बाहेरची हवा आतल्याहून ओली असते.

आईबद्दल विचारलं जाईल म्हणून लिहितो. तिचा इन्हेलर चालू आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो बंद होणार नाही. गेल्या पावसाळ्यात रात्रीचा खोकला कमी होता. त्यात कपाटाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढायच्या फंदात मी पडलो नाही. ती स्वतः श्रेय पापडांना देते.

राहिला तो एक ड्रॉवर. सगळ्यात खालचा, डावीकडचा. बाकी कपाट कोरडं, यालाच जुलैत वास. डबे बाहेर काढले, ऊन दाखवलं, काही फरक नाही. शेवटी ड्रॉवर पूर्ण उपसून उलटा केला तेव्हा कळलं की त्याचा तळ अजून तोच जुना हार्डबोर्ड आहे. पाठ बदलताना सुतारकाकांनी तो सोडला आणि मीही बघितला नाही. ऐन पावसात प्लाय कापून बसवायचं नाही, तेही ओल पिऊन येतं. सध्या ड्रॉवर काढून गॅलरीत उभा केलाय, त्या जागेत मुलीने तिच्या चपला ठेवायला सुरुवात केली आहे, आणि दसऱ्यानंतर काका येतो म्हणालेत, मशीन न आणण्याच्या अटीवर.